डावी मागची

टेपचं टोक चाकाच्या मध्यावर धरून
दस्तगीर मेस्त्री ती वर मडगार्डच्या कमानीपर्यंत नेतो
आणि आकडा मला नाही, समाधानला सांगतो.
समाधान खडूने दारावरच लिहितो:
पुढे दोन्ही सारख्या,
मागे उजवी साडेएकोणीस,
मागे डावी एकोणीसला एक सूत कमी.

"दोन हजार चारची सफारी ना? बसली."
बसली म्हणजे?
"म्हैस बसते तशी. किती उठवायची?"
ते तुम्ही सांगा, मी बजेट सांगतो.
नाना पेठेत या वाक्याला कुणी हसत नाही.

नव्या स्प्रिंगची जोडी तेरा हजार, तीही मागवून.
नाहीतर ही रबराची कडी,
काळी, मेदूवड्यासारखं मधोमध भोक, जोडी चौदाशेला.
पुढे टॉर्शन बार, तिथे नुसता बोल्ट आवळायचा.
"तीन आटे. चौथा मागू नका, एक्सल ओरडेल."

मी काही डोंगर चढायला निघालेलो नाही.
बिबवेवाडीत आमच्या गल्लीत
डांबरावर डांबर चढत गेलं
आणि दुकानाची पायरी रस्त्याखाली गेली.
गतिरोधक तर दर निवडणुकीला बाळसं धरतात.
मार्चमध्ये खेड शिवापूरच्या कार्यालयाचा उतार उतरताना
सायलेन्सर निखळला, आणि चाळीस किलो श्रीखंड
सीटखाली, बेल्टच्या खोबणीत,
अजून उन्हात गाडी तापली की वेलची येते.

"डावीकडे काय ठेवता?" मेस्त्रीने विचारलं.
मी भांडी सांगितली. पातेली, झारे, दोन सिलिंडर,
जिलबीची कढई.
"ते सगळं मधे येतं. डावीकडे काय?"

मग आठवलं.
डावीकडे रंगनाथ आचारी.
चौदा वर्षं, तीच सीट, काच अर्धी खाली,
मांडीवर मसाल्याचा डबा, कारण डबा तो
डिकीत ठेवू देत नसे. डिकीत रॉकेल होतं एकदा,
दोन हजार सहा साली.
एकशे आठ किलो. स्वतःच सांगायचा,
बटाटे सांगावेत तसा.

"मग बरोबर," मेस्त्री म्हणाला,
आणि डावीकडे जाड कडी लावली, उजवीकडे पातळ.
संध्याकाळी चारही आकडे जमले.
समाधानने दारावरचा खडू ओल्या बोळ्याने पुसला.
अलाइनमेंट, मजुरी धरून अठ्ठावीसशे झाले.
पंचवीसशे दिले. उरलेल्याचे
गणपतीत मोदक पाठवायचे ठरले.

घरी येताना गाडी परक्यासारखी वाटली.
इतकी वर्षं मी स्टिअरिंग
कणभर उजवीकडे ओढून धरत होतो म्हणे,
आता सरळ गाडीत ती ओढ उगाच उरली,
रिक्षावाले शिव्या देत गेले.

गुरुवारी धायरीला गेलो. रंगनाथच्या
चष्म्याचा नंबर काढायचा होता, लेक कामावर.
तो जिना उतरून आला, शर्टात दुसरा कुणी मावेल असा.
साखरेने खाल्लाय. जिलबीवाल्याला साखरेने,
हा विनोद त्याचाच, मी नुसता सांगतो.

पाय उचलला, फूटबोर्डपर्यंत पोचेना.
परत खाली ठेवला.
मी डिकीतून तेलाचा रिकामा डबा आणून पालथा घातला.
"पोचलेला आहे हा," तो म्हणाला,
"चांगला नव्हता का?"
डब्यावर चढून आपल्या जागी बसला.
डाव्या मागच्या. काच अर्धी खाली.

पूर्वी तो बसला की कमान दोन बोटं
चाकाकडे झुकायची, स्प्रिंग 'हं' म्हणायची.
मी दार लावता लावता पाहिलं.
टेप खिशात होती. काढली नाही.

गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आला.
रंगनाथने सवयीने वरचं हँडल धरलं,
डोळे मिटले, श्वास आत घेतला,
डबा असावा तसा दुसरा हात मांडीवर दाबला.
खालून काही घासलं नाही.
तरी हँडल त्याने सोडलं नाही,
दवाखाना येईपर्यंत.